जोक नको, ट्रॅजेडीही नको!

'दोस्ताना' आठवतोय? २००८ चा. फ्लॅट भाड्याने मिळावा म्हणून जॉन आणि अभिषेक कपल असल्याचं नाटक करतात आणि आपण पोट धरून हसतो. दुसरं टोक म्हणजे अँग लीचा 'ब्रोकबॅक माउंटन' (२००५). प्रेम एकदम अस्सल, पण शेवटी एकाच्या वाट्याला मरण, दुसऱ्याच्या वाट्याला आठवणी. म्हणजे दोन पुरुषांचं प्रेम एक तर जोक, नाहीतर ट्रॅजेडी. अधलंमधलं काही नाहीच?

आहे ना बॉस, तेही चक्क मराठीत! रोहन कानवडेच्या 'साबर बोंडं'ने २०२५ मध्ये सनडान्सला वर्ल्ड सिनेमाचं ग्रँड ज्युरी प्राइझ पटकावलं. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी गावी येतो. नातेवाइकांचा एकच धोशा, लग्न कधी? सोबतीला बालपणीचा मित्र बाळ्या. बॅकग्राउंड म्युझिक नाही, भाषणबाजी नाही. आणि आईला सगळं ठाऊक आहे!

खरेपणा म्हणजे नुसता बोल्ड सीन नव्हे. दोघांना निवांत बसायला जागा कुठे मिळते, पाहुण्यांना काय सांगायचं, हे दाखवणं म्हणजे खरेपणा. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा प्रेमावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. २०२३ मध्ये लग्नाला मात्र मान्यता दिली नाही. त्या मधल्या जागेत कितीतरी जण रोज जगतात. कदाचित तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्येही. तेव्हा लंच टाइमला 'मग, लग्न कधी?' विचारण्याआधी हा सिनेमा बघाच!