विश्लेषण : फुकटची चाल पात्राला किती लांब नेते?

पडद्यावरचे पात्र चालवण्यासाठी पूर्वी अ‍ॅनिमेटर एकेक पोझ मांडत बसे. आता चालणे, धावणे, उडी मारणे अशा हालचालींचे तयार तुकडे, म्हणजे मोशन क्लिप, मोफत मिळतात. अ‍ॅडोबीने २०१५ मध्ये घेतलेली ‘मिक्सामो’ हे त्यांचे मोठे भांडार. त्या जोडायला लागणारे ‘ब्लेंडर’ही फुकट. तरीही नवशिक्यांच्या कामात पाय बर्फावरून घसरल्यासारखे दिसतात, पात्र मध्येच मागे फेकले जाते. असे का?

क्लिपमध्ये नेमके काय असते?

चित्र नसते. पात्राच्या सांगाड्यातले कोणते हाड कोणत्या क्षणी किती वळले आणि कंबर किती सरकली, एवढीच नोंद असते. म्हणून हाडांची नावे आणि रचना जुळली तर एकाची चाल दुसऱ्याला देता येते. पण उंच माणसाची चाल लहान मुलाच्या पात्राला चढवली, की सांध्यांचे कोन बरोबर आणि पावलाचे अंतर चूक! पाय घसरतात ते इथे.

जोड का उघडी पडते?

प्रत्येक क्लिपची सुरुवात आपल्या शून्य बिंदूपासून होते. पात्र चार मीटर चालून गेले आणि पुढे धावण्याची क्लिप लावली, तर ते उडी मारून मूळ जागी परतते. यावर दोन उपाय. चाल जागच्या जागी ठेवणारा ‘इन प्लेस’ पर्याय निवडून पात्राला वेगळे पुढे सरकवायचे, किंवा दुसरी क्लिप पहिलीच्या शेवटच्या जागेवर नेऊन बसवायची.

ब्लेंडरच्या ‘एनएलए एडिटर’मध्ये क्लिप पट्ट्यांसारख्या वरखाली मांडून त्यांची टोके एकमेकींत मिसळता येतात. मात्र चालताना डावा पाय जमिनीवर असताना धावण्यातही डावाच टेकलेला हवा. एकीत डावा, दुसरीत उजवा असेल तर सॉफ्टवेअर दोन्हींची सरासरी काढते आणि पाय एकमेकांतून आरपार जातात. हा क्षण शोधायला डोळाच लागतो. पट्टी चार-पाच फ्रेम सरकवून पाहण्याचा कंटाळा केला, की काम फसलेच.

मग दोष फुकट क्लिपचा?

तसे म्हणणे सोपे, पण अन्यायाचे. खरी अडचण अशी, की तीच चाल हजारो जण वापरतात आणि नोकरीसाठी पाठवलेल्या शोरीलमध्ये जाणकार ती लगेच ओळखतो. डोक्यावर तुळस घेतलेली वारकरी बाई मान स्थिर ठेवून चालते, तिचा भार कंबर पेलते. मोकळ्या हातांच्या चालीची क्लिप तिला चढवली तर तुळस कागदाची वाटते. तिथे पाय क्लिपचे ठेवून मान, खांदे आणि हात स्वतः मांडावे लागतात. ब्लेंडरमध्ये त्यासाठी वरच्या पट्टीवर फक्त तेवढीच हाडे हलवता येतात.