आपली गल्ली पडद्यावर येते तेव्हा

आमच्या घरी एक जाड, लाल कापडी बांधणीची वही आहे. वाण्याच्या दुकानात उधारी लिहायला असते तसली. त्या वहीत मी गेली अनेक वर्षे पाहिलेल्या चित्रपटांचा जमाखर्च लिहितो. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे. डिसेंबरचा शेवटचा रविवार आला की चहाचा कप घेऊन बसायचे, वर्षभराची तिकिटे डब्यातून काढायची आणि हिशेब पुरा करायचा. सौभाग्यवतींच्या मते हा उद्योग रिकामटेकडा आहे. पण एखाद्या नोंदीवरून वाद निघाला की पहिला आवाज त्यांचाच चढतो.

या वहीचा एक नियम आहे. टुकार चित्रपटाला तीत जागा नाही. टुकार चित्रपट थिएटरचा जिना उतरेपर्यंत विसरला जातो, त्याची कसली निराशा! नावे पडतो तो ज्याच्यावर आपला हक्क होता, ज्याच्याकडून आपण काही मागितले होते आणि ज्याने ते दिले नाही, असा चित्रपट. जवळच्या नातेवाइकाने लग्नाला न येणे आणि अनोळखी माणसाने न येणे, यांत फरक असतोच ना?

परवा आवराआवर करताना वही पुन्हा हाती आली आणि २०१० सालाचे पान उघडले. दोन्ही बाजू काठोकाठ भरलेले असे पान वहीत दुसरे नाही. कारणही तसेच आहे. माझे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले, सौ.चे माहेर लालबागचे. त्या एका वर्षात आधी माझी गल्ली पडद्यावर आली आणि पाठोपाठ तिची. एक जमेला गेली, दुसरी नावे पडली. तेव्हा घरात अबोला झाला होता. आज इतक्या वर्षांनी तो हिशेब पुन्हा तपासावासा वाटतो, कारण त्यातली एक बाकी अजून फिटलेली नाही.

जमेची बाजू

वर्षाची सुरुवातच दणक्यात झाली. १ जानेवारीला 'नटरंग' लागला. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा हा रवी जाधव यांचा पहिलाच चित्रपट. लोक गेले अजय-अतुलच्या लावण्यांसाठी आणि परत आले ते गुणाला डोक्यात घेऊन. पैलवानी अंगाचा शेतमजूर कलेच्या वेडापायी तमाशात नाच्या होतो, त्याची ही कथा. अतुल कुलकर्णी यांनी त्यासाठी आपल्या शरीराची जी घडामोड केली तिची चर्चा पुष्कळ झाली. मला मात्र आठवते ती थिएटरातली शांतता. शिट्ट्या मारणारी पोरे उत्तरार्धात गप्प झाली होती. ज्या माणसाला आपण हसत होतो त्याची काय किंमत मोजली जाते, हे दिग्दर्शकाने त्यांना न रागावता दाखवले होते. मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. आमच्या वहीत तो त्याआधीच मिळाला होता.

जानेवारीच्या अखेरीस आला परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. आदल्या वर्षी भारताने तो ऑस्करसाठी पाठवला होता, त्यामुळे नाव ऐकून होतो. पण गिरगावकराला ऑस्करचे काय! दादासाहेब फाळक्यांनी १९११ साली ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला तो गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये. तिथे त्यांच्या डोक्यात किडा शिरला. 'राजा हरिश्चंद्र' त्यांनी तयार केला दादरला आणि ३ मे १९१३ रोजी लोकांसमोर आणला तो पुन्हा गिरगावातच, कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये. भारतीय चित्रपटाचा जन्म आमच्या अंगणातला, आणि त्यावर चित्रपट व्हायला तब्बल शतक जावे लागले.

मला भीती होती ती पूजेची. थोर माणसाचा चित्रपट म्हटला की आपल्याकडे हार घातलेली तसबीर चालू-बोलू लागते. मोकाशींनी तसबीर खाली उतरवली. नंदू माधव यांचे फाळके हे घरातले सामान विकणारे, बायकोमुलांना वेडात सामील करून घेणारे, खटपटे आणि आनंदी गृहस्थ आहेत. विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई त्यांच्या बरोबरीने राबतात. तारामतीच्या कामासाठी बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके यांना लुगडे नेसावे लागले. नाटक-सिनेमात काम करतो म्हटले तर लोक नावे ठेवतील, म्हणून नटांनी 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे' असे सांगायचे! चाळीत राहिलेल्या कुणालाही हे वातावरण परके नव्हते. शेजारच्या खोलीतला एखादा खटपट्या काका आठवत होता. आमच्या वडिलांच्या पिढीची माणसे थिएटरात एकमेकांना कोपराने ढोसत होती. इतिहास घरात घडतो, आणि बहुधा उसनवारी करून घडतो, हे त्या चित्रपटाने हसतखेळत सांगितले.

मार्चमध्ये उमेश कुलकर्णी यांचा 'विहीर' आला. दोन मावस-मामेभावंडांपैकी एक जातो, आणि उरलेला त्याला शोधत राहतो. मृत्यूविषयी इतक्या हळू आवाजात बोलणारा चित्रपट मराठीत क्वचितच झाला असेल. बर्लिनच्या महोत्सवात तो दाखवला गेला. मी पाहिला तेव्हा थिएटरात मोजून पंधरा-वीस डोकी होती. पुढच्या आठवड्यात भावाला घेऊन गेलो तर खेळ उतरलेला! मराठी चित्रपटांना मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळची वेळ मिळावी म्हणून राज्य सरकारला २०१५ साली पुढे यावे लागले, तेव्हा मला ते रिकामे थिएटर आठवले. वेळ सरकार मिळवून देईल, पण माणसे कोण मिळवून देणार? 'विहीर' जमेला आहे. नावेच्या बाजूला त्या दिवशी मी 'प्रेक्षक' असे लिहून ठेवले आहे. त्यात मीही आलो. मी तरी पहिल्याच आठवड्यात भावाला कुठे नेले होते?

जूनमध्ये सतीश राजवाडे यांच्या 'मुंबई-पुणे-मुंबई'ने दोनच माणसांच्या गप्पांवर अख्खा चित्रपट तोलून दाखवला. हिंदीत त्या वर्षी 'उडान' आणि 'पीपली लाइव्ह' जमेला गेले. 'काइट्स' आणि 'रावण' यांचा गाजावाजा मोठा, पण ते आमच्या नियमात बसले नाहीत. जिना उतरलो आणि विसरलो.

नावे पडलेला चित्रपट

आता उजवे पान. त्यावर ठळक अक्षरांत एकच नाव आहे, महेश मांजरेकर यांचा 'लालबाग परळ'. हिंदीत तोच 'सिटी ऑफ गोल्ड' नावाने आला.

या चित्रपटाकडे आमचे घर कसे डोळे लावून बसले होते ते सांगायला हवे. आमचे सासरे गिरणीत साचेवाले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा बाहेर पडलेल्या सुमारे अडीच लाखांतले एक. तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. त्यामुळे सासरे अखेरपर्यंत गमतीने म्हणत, "मी अजून संपावर आहे!" शिवाय चित्रपटाचा आधार होता जयंत पवारांचे 'अधांतर'. संपात मोडलेल्या एका कुटुंबाचे १९९७ साली आलेले ते नाटक गिरणगावाने आपले मानले होते. एवढी पुण्याई पाठीशी असल्यावर माणूस अपेक्षा करणारच.

आम्ही सगळे भारतमाताला गेलो. स्वतः गिरणीच्या जागेवर उभे असलेले थिएटर, पडद्यावर गिरणगाव आणि खुर्च्यांवर गिरणी कामगार. असा योग पुन्हा येणार नव्हता. सुरुवातीचा भाग पाहताना सासऱ्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट होता. सीमा विश्वास यांची आई, अंकुश चौधरीचा लिहू पाहणारा बाबा, वीणा जामकरची मंजू ही माणसे ओळखीची होती. चाळीच्या अरुंद जागेतली घुसमट खरी होती. मग पिस्तुले आली. मालकाच्या घरातली भानगड आली. पोरांची टोळी आली, रक्त आले. कुटुंबाची गोष्ट हळूहळू बाजूला सरली आणि आपण शेकडो वेळा पाहिलेला गुंडपट पुढे सरकू लागला.

गुंडगिरी खोटी होती असे मी म्हणत नाही. संपानंतर गिरणगावातली कितीतरी पोरे टोळ्यांत गेली, हे सत्य आहे. पण त्याच वर्षी 'वन्स अपॉन अ टाइम इन मुंबई'सारख्या चित्रपटाने मुंबईच्या गुन्हेगारीला झगमगीत कपडे घातलेच होते. ते काम करायला हिंदी चित्रपट समर्थ आहे. 'लालबाग परळ'ने जे करायचे ते दुसरे कुणी करणार नव्हते.

बाहेर पडल्यावर सासरे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बंदुका फार वाजल्या. संपात सगळ्यात जास्त आम्ही काय केलं ठाऊक आहे? वाट बघितली. सकाळी उठून नाक्यावर जायचं, काही कळतंय का बघायचं आणि परत यायचं. आणि ती खानावळवाली मावशी? सहा महिने एक पैसा न घेता जेवू घातलंन् आम्हाला. तिची गोष्ट कुणी सांगेना."

सौ.ना ते पटले नाही. "आपली चाळ पडद्यावर आली हेच पुष्कळ," असे त्यांचे म्हणणे. फाळक्यांच्या वेळी मी किती भारावलो होतो याची त्यांनी आठवण करून दिली. तुमचे गिरगाव ते कौतुकाचे, आणि आमचे लालबाग आले की उणीदुणी! दोन दिवस घरात अबोला होता.

फिटायची बाकी

आज वाटते, दोघेही बरोबर होते. संपाचे नाव मोठ्या पडद्यावर घेण्याचे धाडस या चित्रपटाने केले, हे सौ.चे म्हणणे मी आता जमेला लिहितो. मुंबईच्या मध्यावरची गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन कुणाच्या हाती गेली, हा प्रश्न त्याने विचारला. १९९१ च्या नियमाप्रमाणे त्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते. त्यांतले दोन मोकळ्या जागांना आणि घरांना मिळायचे होते. २००१ सालच्या दुरुस्तीने ते वाटे आक्रसले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. या सगळ्याकडे बोट दाखवायला धैर्य लागते.

पण सासऱ्यांचे म्हणणे अधिक खोलवर जाते. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'लालबाग परळ' यांत फरक पैशाचा नव्हता की नटांचा नव्हता. मोकाशींचा फाळक्यांच्या रोजच्या संसारावर विश्वास होता. ताटल्या-वाट्यांतून, भांडणांतून गोष्ट आपोआप उभी राहील, याची त्यांना खात्री होती. 'लालबाग परळ'ला ती खात्री वाटली नाही. एवढ्याने प्रेक्षक बसेल का, या धास्तीने त्याने बंदूक हाती घेतली. 'अधांतर'मध्ये तर ती वाट पाहणेच नाटक झाले होते! म्हणजे ते जमू शकते, हे आधीच सिद्ध झालेले होते.

सामग्रीही कमी नाही. एकाच खोलीत पाळ्या लावून झोपणारे कामगार, बदली कार्ड घेऊन पहाटे गेटवर उभे राहणारे, संपात कोकणात नि घाटावर परतलेले आणि तिथे पाहुणे ठरलेले, खानावळी चालवणाऱ्या बायका. प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. कायद्याने मान्यता एकाच संघटनेला आणि कामगारांचा विश्वास दुसऱ्याच माणसावर, या पेचात तर अख्खे नाट्य आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून जमा केलेला इतिहास पुस्तकरूपाने उपलब्ध आहे. कुणी हात घालायचा तेवढा अवकाश.

आणि अवकाश आता फार नाही. संपात तिशीत असलेला कामगार आज सत्तरी ओलांडून गेला आहे. जयंत पवार २०२१ साली गेले. आमचे सासरेही गेले, 'अजून संपावर' असतानाच. थिएटरेही जात आहेत. मॅजेस्टिक केव्हाच गेले, दादरचे चित्रा २०१९ साली बंद झाले. फाळक्यांवर चित्रपट शंभर वर्षांनी झाला तरी चालले, कारण त्यांच्या फिती, पत्रे, कागद उरले होते. खानावळीतल्या मावशीने कागदावर काही ठेवलेले नाही. तिची उधारीची वहीसुद्धा बहुधा रद्दीत गेली असेल.

त्या रविवारी वही मिटण्याआधी सौ.नी पेन मागून घेतले. उजव्या पानावर 'लालबाग परळ'च्या खाली बोटभर जागा उरली होती. तिथे त्यांनी आपल्या वळणदार अक्षरांत लिहिले, "मावशी – येणे बाकी." पहिल्यांदाच आमच्या वहीत दोघांच्या संमतीने नोंद झाली.