क्रॅक मारण्याला बंड म्हणू नका

प्रत्येक होस्टेलवर एक मुलगा असतोच, ज्याच्याकडे कुठल्याही सॉफ्टवेअरचा क्रॅक मिळतो. सगळा मजला त्याला मानतो. चार वर्षांनी तोच मुलगा हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत रुजू होतो आणि पहिल्याच दिवशी गोपनीयतेच्या करारावर एकही पान न वाचता सही करतो. काम काय, कुणासाठी, कसं चालतं, यातलं काहीही बाहेर बोलायचं नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. काही करारांत तर रविवारी घरी बसून लिहिलेला कोडही कंपनीचाच, असंही असतं. तो सही करतो, ओळखपत्र गळ्यात अडकवतो आणि रात्री खोलीवर येऊन पुन्हा क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरवर व्हिडिओ एडिट करत बसतो. या दोन गोष्टींत त्याला काहीच विसंगती दिसत नाही.

खरं तर ती नाहीच. माझं भांडण नेमकं तिथेच आहे.

मी याच धंद्यात आहे. आमच्याकडे कायदा, गुप्तता आणि बंद तंत्रज्ञान यांच्याविषयी बोलताना एक मोठा तोरा असतो. ‘कायदा काय करणार, आपण बायपास करू.’ बंदी ही आम्हाला एखाद्या बगसारखी वाटते. वळसा घालायचा आणि पुढे जायचं. याला आम्ही बंडखोरी म्हणतो. माझ्या मते ही गुपचूप केलेली तडजोड आहे. क्रॅक मारणारा स्वतःपुरतं दार उघडतो, आत शिरतो आणि आतून कडी लावून घेतो. कुलूप लावणाऱ्याचा अधिकार त्यानं मान्यच केलेला असतो, फक्त पकडलं जायचं नसतं. एनडीएवर डोळे मिटून सही करणाराही तेच करतो. दोघांचाही कुलपाशी काही वाद नाही.

ज्यांनी खरोखर कुलपाशी वाद घातला, त्यांची रीत वेगळी होती. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. रिचर्ड स्टॉलमन तिथे प्रोग्रामर होता. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की वापरणाऱ्यांना संदेश जाईल, अशी सोय त्यानं स्वतः कोड बदलून केली होती. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड मात्र कंपनीनं दिला नाही. तो कोड कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एकाकडे आहे असं कळलं, म्हणून स्टॉलमन त्याच्याकडे गेला. त्यानं सांगितलं, ‘देणार नाही, तसं वचन दिलंय.’ स्टॉलमनला राग आला तो प्रिंटरपेक्षा या वचनाचा. एका प्रोग्रामरनं दुसऱ्याला मदत न करण्याचा करार केला होता आणि त्यात न भेटलेल्या सगळ्या प्रोग्रामरांनाही बाजूला सारलं होतं.

होस्टेलवरच्या आपल्या हिरोनं रात्रीत तो कोड पळवला असता. स्टॉलमननं १९८३ मध्ये जाहीर केलं की मी एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिणार आणि ती सगळ्यांसाठी खुली ठेवणार. पुढे १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला. त्यातली गंमत अशी की तो उभा आहे कॉपीराइटच्या कायद्यावरच. लेखक म्हणून कायदा मला अधिकार देतो ना, मग माझी अट ही: हा कोड वापरा, बदला, विका, पण ज्याला द्याल त्याला सोर्सही द्या. ज्या कायद्यानं दार बंद होत होतं, त्याच कायद्याची पाचर करून त्यानं दार उघडं ठेवलं.

हा लेख तुमच्यापैकी बरेच जण फोनवर वाचत असाल. अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमध्ये फोनविषयीच्या माहितीत कायदेशीर माहितीचं पान असतं. तिथे कुणी न वाचणारी परवान्यांची लांबलचक यादी आहे, त्यात जीपीएल सापडेल. अँड्रॉइडच्या गाभ्यात लिनक्स आहे आणि लिनक्स १९९२ पासून याच परवान्याखाली आहे. म्हणून फोन बनवणाऱ्या कंपनीला त्या गाभ्याचा सोर्स मागणाऱ्याला द्यावा लागतो. जगातले सगळे क्रॅक एकत्र केले तरी ही सक्ती निर्माण झाली नसती.

दुसरं उदाहरण सरकारी गुप्ततेचं. १९९० च्या दशकात अमेरिकेत भक्कम एन्क्रिप्शनचा कोड परदेशी पाठवणं म्हणजे शस्त्रास्त्रांची निर्यात मानली जाई. फिल झिमरमन यानं १९९१ मध्ये पीजीपी हे ईमेल सुरक्षित ठेवणारं सॉफ्टवेअर फुकट खुलं केलं, ते इंटरनेटवरून जगभर पसरलं आणि त्याच्यामागे फौजदारी चौकशी लागली. चौकशी चालू असतानाच १९९५ मध्ये एमआयटी प्रेसनं पीजीपीचा सगळा कोड चक्क पुस्तक म्हणून छापला. छापील पुस्तक अडवायचं तर सरकारला थेट अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी भिडावं लागलं असतं. १९९६ च्या जानेवारीत चौकशी आरोपपत्राविनाच बंद झाली. त्याच सुमारास बर्कलीत शिकणाऱ्या डॅनियल बर्नस्टाइननं सरकारवर दावा लावला होता: मी लिहिलेला कोड प्रसिद्ध करायला शस्त्रविक्रेत्याचा परवाना कशाला? १९९६ मध्ये न्यायाधीशांनी म्हटलं की सोर्स कोड हीसुद्धा अभिव्यक्ती आहे.

हे दोघंही आडून काम करणारे नव्हते. स्वतःच्या नावानं, पत्त्यानं, वकील घेऊन उभे राहिले. नॉर्वेचा यॉन योहानसनही तसाच. लिनक्सवर डीव्हीडी चालावी म्हणून १९९९ मध्ये त्यानं आणखी दोघांबरोबर डीव्हीडीचं कुलूप फोडणारा प्रोग्राम काढला, तेव्हा तो १५ वर्षांचा होता. त्याच्यावर खटला झाला आणि २००३ मध्ये खालच्या व वरच्या अशा दोन्ही न्यायालयांत तो निर्दोष सुटला. स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी आपल्या संगणकावर पाहणं हा गुन्हा नाही, हे तेव्हा कागदावर आलं. त्या काळात अमेरिकेतले प्रोग्रामर हा कोड टी-शर्टवर छापून घालत होते, कवितेत लिहीत होते. आपल्याकडे त्याच काळात लॅमिंग्टन रोडवर क्रॅकच्या सीड्या विकल्या जात होत्या आणि आपण स्वतःला हुशार समजत होतो.

या हुशारीची किंमत मराठीनं मोजली आहे.

मी फावल्या वेळात जुन्या मराठी फायली युनिकोडमध्ये आणून देतो. विंडोज ९५-९८ च्या काळात देवनागरी नीट दाखवण्याची सोय विंडोजमध्ये नव्हती, ती आली विंडोज २००० मध्ये. डीटीपीवाल्यांचं लाडकं पेजमेकर तर शेवटपर्यंत युनिकोडला तयार झालं नाही. त्यामुळे फॉन्ट बनवणाऱ्या कंपन्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य. पण कुठल्या जागी कुठला तुकडा, हा तक्ता प्रत्येकानं वेगळा ठेवला आणि तो झाकून ठेवला. वर सॉफ्टवेअरला डोंगल. प्रिंटरच्या पोर्टमध्ये काडेपेटीएवढी डबी खोचल्याशिवाय प्रोग्राम चालायचाच नाही. देशात इस्कीसारखं प्रमाण होतं, १९९१ पासून युनिकोडही होतं. तरी मजकूर साठत गेला तो या खाजगी तक्त्यांमध्ये.

आता ती फाईल उघडा. फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. फॉन्ट असला तरी गुगलला तो मजकूर सापडत नाही, आंधळ्या वाचकाचा स्क्रीन रीडर तो वाचू शकत नाही. तक्ता शोधून काढला तरी काम संपत नाही. ‘धार्मिक’ हा शब्द घ्या. जुन्या फायलीत तो दिसतो तसा साठवलेला असतो: आधी वेलांटी, मग म, मग रफार. युनिकोडमध्ये र आधी, मग म, मग वेलांटी. म्हणजे एकाच अक्षराभोवती दोन चिन्हं दोन दिशांनी उचलून ठेवायची. जोडाक्षर आलं की पुन्हा हिशेब. हे एकेक नियम करून लिहावं लागतं आणि एका कंपनीच्या फॉन्टचे नियम दुसरीला लागू पडत नाहीत.

एका दिवाळी अंकाच्या संपादकांच्या घरच्यांनी त्यांच्या पश्चात माझ्याकडे वीस वर्षांच्या अंकांच्या फायली दिल्या. डोंगल कधीच हरवला होता. कंपनीला मी तक्ता मागितला. उत्तर आलं, नवी आवृत्ती विकत घ्या. मजकूर लेखकांचा, श्रम संपादकांचे, भाषा आपल्या सगळ्यांची, आणि किल्ली मात्र तिसऱ्याच्या खिशात.

इथे कुणी म्हणेल, डोंगलचा क्रॅक मिळत होता की! मिळत होता. मी पाहिलेल्या डीटीपीच्या दुकानांत तर क्रॅकच जास्त होते. त्यानं झालं काय? डोंगल तुटला, पण तक्ता बंदच राहिला. उलट फुकटात मिळाल्यामुळे तोच फॉन्ट गल्लोगल्ली पसरला, त्याच खाजगी तक्त्यात आणखी हजारो पानं टाईप झाली आणि खुल्या प्रमाणाची मागणी करायची गरज कुणालाच वाटली नाही. चोरून वापरणाऱ्यांनीच कुलूपवाल्याचा बाजार मोठा केला. हा मजकूर सुटतोय तो ज्यांनी बसून एकेका तुकड्याचा तक्ता मांडला आणि कन्व्हर्टर सगळ्यांसाठी खुले ठेवले, त्यांच्यामुळे. मुंबईच्या ‘एक टाईप’नं केलेला ‘मुक्त’सारखा फॉन्ट आज खुल्या परवान्यावर कुणीही वापरू शकतं, याचं मोल मला म्हणूनच कळतं.

आपला कायदा याबाबतीत आपल्याला वाटतो तितका वाईटही नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीनं एक सवलत आली. दोन प्रोग्राम एकमेकांशी जुळवून घ्यायला लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती काढायला जे करावं लागेल ते केल्यानं कॉपीराइटचा भंग होत नाही. प्रोग्राम कसा चालतो याचं निरीक्षण आणि चाचणी करायलाही मोकळीक आहे. परवान्यातल्या एका ओळीनं कंपनी ही सवलत काढून घेऊ शकते का, यावर वाद होऊ शकेल. पण वाद घालायला कुणीतरी उभं राहावं लागतं. आणि जुळवणीची ही सवलत आहे कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला. क्रॅक मारणारा पहिल्याच पायरीवर आपला हक्क गमावून बसतो. मग तोंड उघडणार कसा?

उभं राहणं सोपं नाही, हेही सांगायला हवं. २०१० मध्ये हैदराबादचे हरी प्रसाद यांनी दोन परदेशी संशोधकांबरोबर भारतीय मतदान यंत्राचा अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्र हाती लागलं तर त्यात काय फेरफार करता येतील, हे त्यात दाखवलं होतं. निवडणूक आयोगाचं म्हणणं होतं की आमच्या बंदोबस्तात हे शक्य नाही. या वादात कुणाचं बरोबर, हे उघड तपासणीनं ठरवता आलं असतं. पण त्या ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी यंत्रचोरीच्या प्रकरणात हरी प्रसाद यांना अटक केली, यंत्र दिलं कुणी हे विचारलं, आणि जामीन मिळेपर्यंत ते कोठडीत राहिले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ या कलमांत प्रामाणिक संशोधकाला स्पष्ट संरक्षण आजही नाही. हेतू वाईट नव्हता हे सिद्ध करण्यात वर्षं जाऊ शकतात.

म्हणूनच हे एकेकट्यानं करायचं काम नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये आरोग्य सेतू अॅप आलं तेव्हा त्याच्या अटींत रिव्हर्स इंजिनिअरिंगला मनाई होती. कोट्यवधी लोकांच्या फोनवर बसणारं, त्यांचा ठावठिकाणा नोंदवणारं सरकारी अॅप, आणि आत काय आहे ते पाहायचं नाही! प्रोग्रामर, वकील, पत्रकार जाहीरपणे बोलत राहिले. २६ मे रोजी अँड्रॉइड आवृत्तीचा सोर्स खुला झाला. जे मिळालं ते अपुरं होतं, पण मिळालं ते मागितल्यामुळे.

‘मग काय सगळंच उघडं टाकायचं?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. नाही. रुग्णाची फाईल, ग्राहकाचा पासवर्ड, तुमच्या गप्पा, हे गुप्तच राहिलं पाहिजे. माणसाचं गुपित आणि यंत्राचं गुपित या दोन गोष्टी आहेत. ऑग्युस्त केर्कहॉफ्सनं १८८३ मध्येच लिहून ठेवलं होतं की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालावं, गुप्त राहावी फक्त किल्ली. डीव्हीडीचं कुलूप लपवून ठेवलं होतं, ते पोरांनी फोडलं. एईएस ही पद्धत जगभरच्या तज्ज्ञांसमोर उघडी मांडून निवडली गेली, २००१ मध्ये प्रमाण झाली, आणि तुमचे व्हॉट्सअॅपचे निरोप आजही तिच्या आधारानं बंद होतात. आमच्या कंपन्या मात्र उलट वागतात. यंत्र लपवतात आणि माणसांची माहिती गळू देतात.

तेव्हा तुमच्यातले जे या धंद्यात येणार आहेत किंवा नुकतेच आलेत, त्यांना माझं सांगणं आहे. करार वाचा. ‘घरी लिहिलेला कोडही आमचा’ असं कलम असेल तर ते काढायला सांगा. कधी कधी काढतात, आणि नाही काढलं तरी विचारणारं कुणीतरी आहे हे समोरच्याला कळतं. तुम्ही शोधलेला तक्ता, लिहिलेला कन्व्हर्टर, दुरुस्त केलेला फॉन्ट आपल्या नावानं खुला करा. आपल्या पैशातून बनलेल्या सरकारी सॉफ्टवेअरचा कोड माहितीच्या अधिकारात मागा. नकार आला तर नकाराचं पत्र छापा. आणि ग्रुपवर पुढच्या वेळी कुणी क्रॅकची लिंक टाकली की त्याला एवढंच विचारा: यात साठवलेली फाईल वीस वर्षांनी तुझ्या मुलीला उघडता येईल का?