उपाहारगृहांतील धूर

उपाहारगृहांतील धूम्रपानाचा विषय निघाला की, तो धूम्रपान करणारे व न करणारे अशा दोन गिऱ्हाइकांमधील तंटा समजून उभयपक्षी तडजोड सुचविण्याचा प्रघात पडला आहे. ही मांडणीच आम्हांस अपुरी वाटते.

मुंबईचे श्री. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, ग्रंथालये, शिक्षणसंस्था, रेल्वे इत्यादी ठिकाणी धूम्रपानास मनाई केली, तेव्हा त्या यादीत उपाहारगृहे नव्हती. ती २००३ च्या कायद्याने आणि २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आलेल्या नियमांनी मनाईच्या कक्षेत आली. मात्र तीस वा अधिक आसनांच्या उपाहारगृहास स्वतंत्र धूम्रपानकक्षाची मुभा मिळाली. त्या कक्षास चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप मिटणारे दार आणि आतील हवा बाहेर टाकण्याची व्यवस्था हवी. कागदावर ही तडजोड न्याय्य दिसते.

प्रत्यक्षात पुष्कळदा काचेचा अर्धवट आडोसा किंवा खिडकीलगतची दोन टेबले यांनाच कक्ष म्हणण्यात येते. टेबलांची हद्द धुरास कळत नाही. दुसऱ्याच्या धुराची निर्धोक मात्रा नाही, आणि एकाच इमारतीत जागा वेगळी केल्याने वा हवा खेळती ठेवल्याने धोका पुरता टळत नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्जन जनरलनी २००६ च्या अहवालात दिलेला आहे.

या वादात तिसराही एक पक्ष आहे. गिऱ्हाइकास धूर सोसवत नसेल तर ते उठून दुसरीकडे जाईल. परंतु टेबले पुसणारा, कपबशा उचलणारा नोकर कोठे जाणार? २०१७ च्या दुरुस्तीने धूम्रपानकक्षात कोणतीही सेवा देण्यास मनाई झाली, हे योग्यच झाले. तथापि तेथील थोटके गोळा करण्यास व केर काढण्यास कोणास तरी आत जावेच लागते.

धूम्रपान करणारा नागरिक गुन्हेगार नव्हे, आणि त्यास नीतिपाठ देण्याचा आमचा हेतू नाही. सिगारेटसाठी बाहेर जाऊन येण्यात त्याची गैरसोय होते, हेही आम्ही मान्य करतो. पण ती गैरसोय पाच मिनिटांची आहे. नोकराची पाळी दिवसभराची आहे. दोन्ही एकाच तागडीत घालून मध्य काढणे यास समतोल म्हणता येणार नाही.

म्हणूनच असे कक्ष अजिबात बंद करण्याची जी सूचना केंद्र सरकारने जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात होती, तिला आमचा पाठिंबा आहे. दरम्यान, विद्यमान नियम तरी कसोशीने पाळले जावेत. धूम्रपान करणाऱ्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे; नियमभंगाकडे डोळेझाक करणाऱ्या चालकासही आपल्या जागेत घडलेल्या प्रत्येक गुन्ह्यागणिक दंड होऊ शकतो. अधिकाऱ्यांनी एखाद्या गिऱ्हाइकास पकडून समाधान मानण्यापेक्षा गल्ल्यावर बसलेल्या चालकास जाब विचारावा. नोकरास त्याच्यापुढे तोंड उघडणे अवघड आहे. कायद्यास तरी ते अवघड वाटू नये.