पिल्लू आणताना घराचंही वय पाहा

घोडेगावच्या किंवा लोणीच्या बाजारात बैलाचा सौदा करताना आमच्याकडचा शेतकरी आधी त्याचं तोंड उघडतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला, हे पाहिल्याशिवाय रुमालाखाली हात जात नाही. गायीचं मोल तर वेतावरच ठरतं. पण तोच माणूस पोराच्या हट्टापायी कुत्रं घ्यायला निघाला, की मोबाईलवरचा फोटो पाहून पैसे देऊन मोकळा होतो. हे जनावर किती वर्षं जगेल, तेव्हा पोरं कुठे असतील, आपण कुठे असू, हा प्रश्नच त्याला पडत नाही. मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, निवृत्तीनंतर बेलापुरातच राहिलो. त्या न पडलेल्या प्रश्नाचं ओझं शेवटी कुणाच्या गळ्यात पडतं, ते मी रोज पाहतो.

मुलगा पाचवीत असताना पिल्लू घरी येतं. तो बारावी होतो आणि पुण्याला किंवा संभाजीनगरला शिकायला जातो. तोवर कुत्रं सात-आठ वर्षांचं झालेलं असतं. लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड असेल, तर त्याचं म्हातारपण इथूनच सुरू होतं. कंबर धरते, उठताना मागचे पाय थरथरतात, डोळ्यांवर सारा येतो. तीस किलोचं ते धूड उचलून रिक्षात घालायचं आणि श्रीरामपूरच्या दवाखान्यात न्यायचं कुणी? घरी उरलेल्या आजी-आजोबांनी. ज्यानं हट्ट केला तो व्हिडिओ कॉलवर त्याला हाका मारतो.

मोठ्या जातीचं कुत्रं कमी जगतं, हे विकणारा सांगत नाही. ग्रेट डेन सात-आठ वर्षांत आटोपतो. लॅब्रॅडॉर दहा ते बारा वर्षं जगतो, पॉमेरेनियन पंधरापर्यंतही जातो. जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ७४ जातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. वजन दोन किलोनं वाढलं, की सरासरी आयुष्य साधारण महिनाभरानं घटतं, असं त्यात दिसलं. मोठ्या जातींना म्हातारपण लवकर येतं असं नव्हे, एकदा आलं की ते भराभर पुढे सरकतं, हा त्यांचा निष्कर्ष. शिवाय आमच्याकडचा एप्रिल-मे कसा असतो, ते प्रवराकाठच्या माणसाला सांगायला नको. दाट केसांचा हस्की किंवा चपट्या नाकाचा पग इथे आणणं म्हणजे त्याच्या आयुष्याला आपणच कात्री लावणं. गावठी कुत्रं मात्र या हवेत मुरलेलं असतं. लस, पोटभर अन्न आणि सावली मिळाली, तर ते बारा-पंधरा वर्षं सहज काढतं.

मांजराचं गणित वेगळं आहे. घरात राहणारं, नसबंदी केलेलं मांजर पंधरा वर्षांपुढेही जातं. अमेरिकेतल्या टेक्सासमधली क्रीम पफ नावाची मांजर तर १९६७ ते २००५ अशी ३८ वर्षं जगली. ती अपवादच. पण पन्नाशीत मांजर आणणाऱ्यानं पासष्टीपर्यंतची तयारी ठेवायलाच हवी. मोकळ्या मांजराचं आयुष्य मात्र आमच्या भागात फार तोकडं. गळीत हंगामात दोन-दोन ट्रेलर ओढणारे उसाचे ट्रॅक्टर, गोदामातलं उंदराचं औषध खाऊन मेलेले उंदीर, आणि उसातला बिबट्या. याच प्रवरेच्या वरच्या अंगाला, अकोले तालुक्यात, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला आणि १५ टक्के मांजरांचा. वस्तीवर राहत असाल आणि रात्री जनावर घरात किंवा पक्क्या जाळीच्या पिंजऱ्यात घेणार नसाल, तर त्याच्या जातीचा विचार करण्यात अर्थ नाही.

माझं ठाम मत आहे, की साठीनंतर पिल्लू आणू नये. जनावर जरूर आणावं, पण मोठं झालेलं. रिकाम्या घरात दाराशी वाट पाहणारं कुणीतरी असणं ही लहान गोष्ट नाही. पिल्लाचं चावणं, रात्रीचं रडणं, लादीवरची घाण, हे सोसायला गुडघे धड लागतात. चार-पाच वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव ठरलेला असतो, तो आधी पाहता येतो. वयाचा अंदाज दातांवरून येतो. सात महिन्यांत पक्के दात येतात. दीड-दोन वर्षांपर्यंत पुढच्या दातांना तीन पाकळ्यांसारखी टोकं असतात, मग खालच्या मधल्या दातांपासून ती झिजत जातात. माझ्या कुत्रीचं, सोनीचं, तोंड मी असंच उघडून पाहिलं. खालची टोकं सपाट झालेली, सुळे पिवळट, पण शाबूत. चारेक वर्षांची असावी असं धरलं आणि घरी नेली. लगेच नसबंदी करून घेतली, कारण नसबंदी न झालेल्या मादीच्या गर्भाशयात उतारवयात पू होतो आणि चांगली धडधाकट कुत्री आठवड्यात जाते. माझ्यानंतर सोनी धाकट्या पुतण्याकडे जाणार, हे त्याच्या बायकोशी बोलून ठरवलं आहे. नुसत्या पुतण्याशी बोलून भागत नाही, भाकरी कोण घालणार ते महत्त्वाचं.

श्रीरामपूरच्या बाजारात गळ्यावर पट्ट्याचा घट्टा पडलेला एक म्हातारा लॅब्रॅडॉर मी पाहिला आहे. येणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलमागे तो चार पावलं जाई आणि परत फिरे. त्याला कुणीतरी मोटारसायकलवरूनच आणून सोडलं असणार. पाळलेल्या जनावराचे उपासमारीनं हाल होतील अशा स्थितीत त्याला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. एवढ्यात बाजारात धड पिशवीभर भाजी येत नाही. हा दंड वाढायलाच हवा, पण तोवर थांबून चालणार नाही.

म्हणून या सुट्टीत पोरं पिल्लाचा हट्ट धरतील, तेव्हा घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा. पोरगं बाहेरगावी गेल्यावर याला फिरवणार कोण, दरवर्षी रेबीजची लस कोण टोचून आणणार आणि आजी-आजोबा थकल्यावर कुत्रं कुणाकडे राहणार, ही तीन नावं त्याच बैठकीत ठरवा. यातलं एक जरी नाव ठरायचं राहिलं, तर या वर्षी पिल्लू आणू नका.