राजीनामा मागे घ्यायला 7 दिवस द्या

बारामती एमआयडीसीत काय किंवा इंदापूरच्या लोणी देवकर वसाहतीत काय, नोकरी गेलेल्या अनेकांच्या कागदावर कारण असते ‘वैयक्तिक कारणास्तव, स्वखुशीने राजीनामा’. ही खुशी कशी येते ते कामगार वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे. हातचे काम काढून घेतात, सलग रात्रपाळ्या लावतात, परराज्यात बदली करतात. मग एचआर बोलावून घेते आणि टाइप केलेला कागद पुढे करते. ‘सही नाही केलीस तर काढून टाकू, अनुभवाचा दाखलाही विसर.’ घराचा हप्ता चालू असलेला पोरगा सही करून मोकळा होतो.

यामागे साधा हिशेब आहे. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा पगार द्यावा लागतो. राजीनामा लिहून घेतला की हे पैसे वाचतात.

‘सही केली, आता तक्रार कसली?’ असे विचारले जाते. सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न इतक्या सहज निकालात काढलेला नाही. मध्य प्रदेशातील एका महिला अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशांची ग्वाल्हेरहून सिधीला बदली झाली. मुलगी बारावीत होती. विनंत्या फेटाळल्या गेल्यावर जुलै 2014 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. तो स्वेच्छेचा नव्हता, असे ठरवून न्या. नागेश्वर राव व न्या. भूषण गवई यांनी 10 फेब्रुवारी 2022 रोजी त्यांना पुन्हा सेवेत घेण्याचा आदेश दिला. मधल्या काळातला पगार मात्र मिळाला नाही. खुद्द न्यायाधीशांना साडेसात वर्षे लागली, तिथे आयटीआय झालेल्या फिटरने कशाच्या बळावर लढायचे?

उद्या जो तो जबरदस्ती झाली म्हणेल, ही कारखानदारांची शंका अगदीच खोटी नाही. म्हणूनच वाद कोर्टात जाण्याआधी मिटवणारी सोय हवी. इटलीत कोऱ्या तारखेच्या राजीनाम्यावर आधीच सही घेऊन ठेवायची आणि बाई गरोदर राहिली की तो कागद बाहेर काढायचा, अशी चाल होती. 2016 पासून तिथे राजीनामा सहसा सरकारी ऑनलाइन अर्जावरच द्यावा लागतो आणि 7 दिवसांत मागे घेता येतो. ज्याला खरोखर जायचे आहे त्याचे यात काही अडत नाही आणि सरळ वागणाऱ्या मालकाचेही काही बिघडत नाही.

कामगार हा समवर्ती सूचीतला विषय आहे. अनुचित कामगार प्रथांविरुद्ध महाराष्ट्राने 1971 चा स्वतंत्र कायदा केला आणि आकसाने केलेली बदली त्यात अनुचित ठरवली. त्याच राज्याला राजीनामा मागे घेण्यासाठी 7 दिवसांची तरतूद करणे जड नाही.

तोवर कामगार बंधू-भगिनींना एवढेच सांगणे आहे: दबावाखाली सही झालीच, तर राजीनामा मागे घेत असल्याचे लगेच ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने कळवा, दबाव कसा आला ते त्यात लिहा आणि पोच जपून ठेवा. फुल अँड फायनलची रक्कम घेऊन महिनोन्महिने गप्प बसलात, तर तुमचे गप्प बसणेच तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडले जाईल. आणि बारामती-इंदापूरच्या लोकप्रतिनिधींना विनंती, की नव्या कारखान्यांच्या घोषणांबरोबर हा प्रश्नही येत्या अधिवेशनात मांडावा.

– एक वाचक, भिगवण (ता. इंदापूर)