जकातीचे वर्ष किती दिवसांचे?

रमजान अर्ध्यावर आला की जकातीचे प्रश्न घेऊन माणसे भेटू लागतात. यंदाचा प्रश्न माझ्या एका विद्यार्थ्याने आणला. कोंढव्यातल्या ओळखीच्या दुकानदारांसाठी त्याने जकातीचा हिशेब करणारे छोटे अ‍ॅप बनवले आहे. रोकड आणि मालाची किंमत भरायची, देणी वजा करायची, उरलेली रक्कम निसाबाइतकी किंवा त्याहून जास्त असेल तर अडीच टक्के. सगळे बरोबर. पुढच्या जकातीची तारीख मात्र ते ३६५ दिवस मिळवून सांगत होते.

“सर, अकरा दिवसांनी काय फरक पडतो?”

एका वर्षात फारसा पडत नाही. पण जकातीचे वर्ष चंद्राचे. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा, असे बारा महिने म्हणजे ३५४.३७ दिवस. इंग्रजी वर्ष सरासरी ३६५.२४२५ दिवसांचे. मराठी पंचांगात ही तूट अधिक महिना भरून काढतो. हिजरी सनात तशी भरती नाही, म्हणून तर रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि २०३० मध्ये जानेवारीत व पुन्हा डिसेंबरात सुरू होईल. ३२ इंग्रजी वर्षांत हिजरी वर्षे जवळजवळ ३३ होतात. वयाच्या २५व्या वर्षी जकात सुरू करून ३६५ दिवसांनी मोजणारा माणूस ५७व्या वर्षापर्यंत एका अख्ख्या वर्षाची जकात ठेवून घेतो, तीही नकळत. ती कुणा गरजूची, कुणा कर्जात बुडालेल्याची होती.

ज्यांची खाती ३१ मार्चलाच बंद होतात, त्यांच्यासाठी वाट आहे. अडीचऐवजी सुमारे २.५७७ टक्के द्यावेत, असे अनेक जाणकार सांगतात. दहा लाखांवर ७७० रुपये जास्त. सरासरीचा खरा उपयोग इथे.

तारखेसाठी ती वापरू नये. २९.५३ दिवसांचा महिना कुणी पाहिलेला नाही. तो २९चा असतो किंवा ३०चा, आणि ते चाँदरातीलाच कळते. तीस वर्षांत अकरा वेळा एक दिवस वाढवणारे गणिती हिजरी कॅलेंडर आहे, प्रोग्राममध्ये ते बसवता येते. पण चंद्रदर्शनाशी त्याचा एखाद-दोन दिवसांचा फरक पडू शकतो, तेव्हा तारीख हाताने बदलण्याची सोय हवीच.

विद्यार्थ्याने त्याच रात्री दुरुस्ती केली. दुकानदारांची मागच्या वर्षांची बाकी कशी काढायची, एवढ्यासाठी मात्र मी त्याला मौलानांकडे पाठवले.